क्रूझवर बंदराच्या शहरात एक दिवस मिळाला, तर जहाज कंपनीने आखलेली सहल घ्यावी की स्वतः फिरावं?

स्वतः फिरा. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय, "जहाज सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबणार, म्हणजे ९ तास हातात आहेत." ते मला खटकलं. नऊ नाहीत. हाच हिशेब चुकलेले लोक धक्क्यावर धावत येतात आणि नंतर मला सांगतात की स्वतः फिरणं धोक्याचं असतं. हा वाद मी खूप जणांशी घातला आहे, म्हणून आधी हिशेबच मांडतो.

८ ही जहाज धक्क्याला लागण्याची वेळ. बंदराची परवानगी येऊन गँगवे, म्हणजे उतरण्याचा पूल, उघडेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. ५ ही सुटण्याची वेळ, 'ऑल अबोर्ड', म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतण्याची शेवटची वेळ, त्याआधी निदान अर्धा तास. उरले पावणेनऊ ते साडेचार. परतीसाठी एक तास राखीव ठेवलाच पाहिजे, म्हणजे पावणेसात तास. आता त्यातून जाण्यायेण्याचा वेळ वजा करा. कार्यक्रमपत्रिकेवर 'रोम' छापलेलं असतं, जहाज लागतं चिवितावेकियाला, सत्तरेक किलोमीटरवर. बंदराची बस, मग स्टेशन, मग ट्रेन, असे एका बाजूला सहज पावणेदोन तास. रोममध्ये तुम्हाला सव्वातीन तास मिळतात. तेवढ्यात कलोसियम आणि आसपासचा परिसर होतो. व्हॅटिकनची संग्रहालयंही त्याच दिवशी कोंबू नका. 'पॅरिस'साठी ल हाव्र आणि 'बर्लिन'साठी वार्नेम्युंडे तर याहून कितीतरी लांब. तिथे एकतर जहाजाची सहल घ्या किंवा बंदराजवळचंच गाव बघा. बार्सिलोनासारखं शहर मात्र धक्क्यापासूनच सुरू होतं, तिथे सहलीचे पैसे भरणं मला पटत नाही.

दुसरी चूक घड्याळाची, आणि ती जास्त महागात पडते. जहाज स्वतःच्या वेळेवर चालतं. ती किनाऱ्यावरच्या वेळेशी जुळेलच असं नाही, आणि फोन मात्र किनाऱ्याची वेळ आपोआप उचलतो. मेक्सिकोतलं कोझुमेल बेट बघा. ते ज्या प्रांतात येतं तो २०१५पासून वर्षभर एकच वेळ पाळतो, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. मायामीहून उन्हाळ्यात निघालेलं जहाज मायामीच्याच वेळेवर राहिलं, तर जहाजावर साडेचार वाजलेले असतात तेव्हा फोन साडेतीन दाखवतो. माणूस निवांत बसून राहतो आणि धक्क्यावर येतो तेव्हा दोर सोडलेले असतात. उपाय साधा: उतरण्याआधी फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा, किंवा मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि दिवसभर फक्त तेच बघा. वेळ बदलणार असेल तर आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात ते लिहिलेलं असतं. ते पत्रक सोबत घ्या किंवा त्याचा फोटो काढा, कारण पोर्ट एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या बंदरातल्या प्रतिनिधीचा, नंबरही त्यावरच असतो.

जहाज चुकलंच तर पहिला फोन त्या एजंटला. कर्मचारी बहुतेक वेळा केबिनच्या तिजोरीतला पासपोर्ट शोधून एजंटकडे देतात, पण त्यावर विसंबू नका. तासाभराहून लांब जात असाल तर पासपोर्ट, एक कार्ड आणि दोन दिवसांची औषधं अंगावर हवीत. पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठावं लागतं.

जहाज धक्क्याला न लागता नांगर टाकून टेंडर नावाच्या छोट्या बोटींनी उतरवणार असेल, तर शेवटच्या टेंडरची वेळ हीच तुमची 'ऑल अबोर्ड'. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर 'फिरा' या कड्यावरच्या गावातून जुन्या बंदरात उतरायला केबल कार किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या. तीन-चार जहाजं एकाच दिवशी आली की दुपारनंतर केबल कारची रांग तासाच्या वर जाते, आणि पायऱ्यांवर खेचरांच्या लिदीने पाय घसरतो. रांगेचा वेळही परतीतच धरा.

क्रम नेहमी उलटा ठेवा: सगळ्यात लांबचं ठिकाण आधी, जेवण आणि बाजार धक्क्याजवळ शेवटी. बरेच जण याच्या उलट करतात.

'सहलीची बस उशिरा आली तरी जहाज थांबतं' हे बहुतेक वेळा खरं आहे. नाही थांबलं तर कंपनी स्वखर्चाने पुढच्या बंदरी पोचवते. पण तो विमा आहे, आणि त्याचा हप्ता तुमच्या वेळेतून जातो: सकाळी जहाजाच्या थिएटरात जमणं, चाळीस जणांची मोजणी, गाइड नेईल त्या दुकानातला अर्ध्या तासाचा थांबा. म्हणून हा विमा फक्त लांबच्या बंदरी घ्यावा.

पायांना त्रास असेल, व्हीलचेअर असेल किंवा अगदी लहान मूल असेल, तर वरचं बरंचसं बाजूला ठेवून सहल घ्या. आणि व्हिसा आधी तपासा. शेंगेन देशातून (एकाच व्हिसावर चालणारा युरोपीय देशांचा गट) निघून तुर्कस्तानला जाऊन परत शेंगेन बंदरात येणारी फेरी असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. काही देशांत व्हिसा नसलेल्यांना मान्यताप्राप्त सहलीसोबतच धक्क्याबाहेर सोडतात, तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही.