हात चुकला की हातमोजा?

प्रश्न: मी फोंड्याची, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आठ वर्षं तबला शिकले. हाताच्या हालचालींवर स्वर काढणारा, ब्लूटूथने लॅपटॉपशी जोडलेला हातमोजा मी स्वतः बनवला. चतुर्थीतल्या कार्यक्रमात हात खाली घेतला तरी एक स्वर थांबेचना. लोकांना वाटलं, मीच चुकले. तेव्हापासून हात आखडतात, नजर लॅपटॉपवरच राहते. हे सोडून नोकरीची तयारी करू का?

उत्तर: बाळ, पत्र वाचताना मला आपलं घुमट हे मातीचं वाद्य आठवलं. पावसात चामडं सैल पडलं की वादक ते शेकून आणतो आणि आरतीला जमलेली माणसं थांबतात. तबला उतरला तर हातोडी सगळ्यांना दिसते. तुझ्या हातमोज्यात काय बिघडलं ते कुणालाच दिसत नाही, म्हणून दोष वाजवणाऱ्याच्या माथी येतो. हळूहळू त्यालाही तेच खरं वाटू लागतं. तुझे हात आखडले ते यामुळे. रियाज कुठेही गेलेला नाही.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, बरंचसं वाय-फायही तिथेच. घरी तू एकटी होतीस, मंडपात खिशाखिशात मोबाइल. जोडणी क्षणभर तुटली आणि स्वर थांबवणारा ‘नोट-ऑफ’ पोचलाच नाही, तर स्वर लोंबकळत राहतो. तुझ्या बाबतीत बहुधा हेच झालं. मोज्याकडून येणारा प्रत्येक संदेश वेळेसकट नोंदव, म्हणजे चूक हाताची की यंत्राची हे नंतर कळेल. पायाशी पेडल ठेव, दाबताच सगळे स्वर बंद. जमेल तिथे सरळ वायर वापर.

ॲमस्टरडॅमच्या मिशेल वाइसविझ या संगीतकाराने १९८४ मध्ये ‘द हँड्स’ हे हातात घालायचं वाद्य वाजवायला घेतलं. पुढे त्याने त्यातली दुरुस्ती थांबवली आणि त्याच वाद्यावर रियाज केला. तूही आता नवे सेन्सर लावत बसू नकोस.

नोकरीची तयारी जरूर कर, नुसत्या कार्यक्रमांवर घर चालणं कठीण आहे. पण सोडू नकोस. सेन्सर, एम्बेडेड प्रणाली, ध्वनीचं सॉफ्टवेअर या कामांत वाजवणाऱ्याचा हात ओळखणारी माणसं हवी असतात, आणि तुझ्याकडे ती ओळख आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हाच घे. नव्या वाद्यांवरची ‘नाइम’ ही आंतरराष्ट्रीय परिषद २००१ पासून भरते. तिचे निबंध वाच, बिघाडांवर तिथे मोकळेपणाने लिहिलेलं सापडेल.

आणि गावच्या भजनी मंडळाला विचार, तुमच्यासमोर वाजवू का म्हणून. पंधरा-वीस माणसं, सगळ्यांचे फोन चालू. लॅपटॉप पाठीमागे ठेव आणि माणसांकडे बघून वाजव.