फोटोशॉपमध्ये बॅनर करताना ५ जीबी रॅम भरते, रॅम वाढवू का?

तुमचा ८ बाय ४ फुटांचा वाढदिवसाचा बॅनर आहे, रॅम ८ जीबी, त्यातली ५ एकटं फोटोशॉप घेतं आणि कॉम्प्युटर अडकतो. तयार जेपीजी मात्र ४० एमबीचीच. मी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो, त्यामुळे हा त्रास मला रोजचा ओळखीचा आहे. रॅम घ्यायला आज जाऊ नका. आधी इमेज मेनूत इमेज साइझ उघडा आणि रेझोल्युशनचा आकडा, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल (चित्राचे ठिपके), तो बघा. बहुतेक ३०० असेल.

डिस्कवरची जेपीजी दाबून लहान केलेली असते. उघडली की प्रत्येक पिक्सेलला पूर्ण जागा लागते. ८ बाय ४ फूट म्हणजे ९६ बाय ४८ इंच. ३०० नं गुणा: २८,८०० बाय १४,४००, म्हणजे ४१ कोटींहून जास्त पिक्सेल. आरजीबीत (स्क्रीनचे तीन रंग) एका पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे सव्वा जीबी. सीएमवायकेत (छपाईचे चार रंग) ४ बाइट, म्हणजे १.६६ जीबी. आणि हा नुसता एक पूर्ण लेअर, म्हणजे चित्राचा एक थर झाला! कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ) फोटोपासून सुरुवात केली असेल आणि मोड ८ ऐवजी १६ बिट राहिला असेल, तर हे सगळं दुप्पट.

हाच बॅनर ७२ वर धरला तर आरजीबीत ७२ एमबीत बसतो. फ्लेक्स रस्त्यापलीकडून बघतात, हातात धरून नाही. आमच्याकडे एवढ्या मापाला ७२ चालतं. तुमच्या प्रिंटरवाल्याला एकदा विचारून घ्या. मीही सुरुवातीला व्हिजिटिंग कार्डाचा नियम धरून सगळं ३०० वर करायचो. एका कार्यक्रमाच्या आदल्या रात्री फाइल सेव्हच होईना, तेव्हा हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला.

रेझोल्युशन कमी करताना फाइलची कॉपी घ्या आणि त्याच खिडकीतल्या रिसॅम्पलवर (पिक्सेलची संख्या बदलू देणारा पर्याय) टिक ठेवा. टिक काढून ७२ टाकलंत तर पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त छपाईचं माप वाढतं. पुष्कळ जण इथेच फसतात.

रॅम खाणारी दुसरी जागा म्हणजे बॅनरवरची खालची शुभेच्छुकांची रांग. मोबाइलवरून आलेला प्रत्येक फोटो आहे तसा ओढून आणला जातो. चेहरा दिसतो तळहाताएवढा, पण कॅनव्हासच्या बाहेर लपलेला भागही लेअरमध्ये जिवंत असतो. सिलेक्ट ऑल करून इमेज मेनूतून क्रॉप केलं की तो जातो. स्मार्ट ऑब्जेक्ट असेल तर मूळ फोटो पोटात घेऊनच फिरतो. माप पक्कं झाल्यावरच तो रास्टराइझ करा, म्हणजे साधा पिक्सेलचा लेअर करा, कारण नंतर मोठा केला तर फाटतो. नावं आणि मजकूर मी कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्येच टाकतो. तिथे अक्षरं व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांची, कितीही मोठी केली तरी न फाटणारी) राहतात आणि फोटोशॉपवरचा भारही कमी होतो.

मग एडिट, प्रेफरन्सेस, परफॉर्मन्स. हिस्टरी स्टेट्स (किती पायऱ्या मागे जाता येतं तो आकडा) ५० असतील तर २० करा. ब्रशच्या एका फटक्याला फार जागा लागत नाही, पण पूर्ण कॅनव्हासवर फिल्टर मारला की जवळजवळ अख्ख्या लेअरची जुनी प्रत जपली जाते. काम मध्येच जड झालं तर एडिटमधलं पर्ज वापरा, त्यानं जपलेल्या जुन्या प्रती पुसल्या जातात, पण त्यानंतर मागे जाता येत नाही. परफॉर्मन्सच्याच पानावर फोटोशॉपला दिलेला रॅमचा वाटा दिसेल. तो मुळात ७० टक्के असतो, म्हणजे तुमच्या मशीनवर साधारण ५ जीबीच. घेतलेली रॅम फाइल बंद केल्यावर लगेच परत दिली जात नाही, त्यामुळे नुसता ५ चा आकडा बघून घाबरू नका. वाटा १०० वर मात्र नेऊ नका, विंडोजलाच जागा उरणार नाही. स्क्रॅच डिस्क (रॅम कमी पडली की फोटोशॉप वापरतं ती डिस्कवरची जागा) भरलेल्या सी ड्राइव्हवर असेल तर मोकळ्या ड्राइव्हवर हलवा, एसएसडी असेल तर उत्तमच.

फोटोशॉपच्या खिडकीत खालच्या पट्टीवर बाणावर क्लिक करून एफिशियन्सी निवडून ठेवा. ती १०० टक्क्यांच्या खाली गेली की काम रॅममधून डिस्कवर सांडतंय असं समजायचं. हे सगळं करूनही ती सतत खालीच राहिली तर रॅम खुशाल घ्या. त्याआधी टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर एखादा स्लॉट रिकामा आहे का ते बघा.