स्टॉर्मट्रूपरचे हेल्मेट पडद्यावरच्यासारखे हुबेहूब कसे तयार करावे?

तुमचा प्रश्न असा आहे की, ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील स्टॉर्मट्रूपरचे, म्हणजे पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकाचे, हेल्मेट घरच्या थ्रीडी प्रिंटरवर छापले, घासले, रंगवले, कुठे सांधाही दिसत नाही, तरी ते खेळण्यासारखे का वाटते. मी आजवर अशी चार हेल्मेट केली आहेत आणि त्यांपैकी पहिली दोन फसली. ती ज्या कारणाने फसली तेच कारण तुमच्याही बाबतीत असावे असे मला वाटते. तुमचे हेल्मेट गरजेपेक्षा जास्त नीटनेटके झाले आहे.

१९७७ साली प्रदर्शित झालेल्या पहिल्या चित्रपटाची हेल्मेट आदल्या वर्षी लंडनच्या ट्विकनहॅम भागात अँड्र्यू एन्सवर्थ यांच्या कार्यशाळेत तयार झाली. चित्रपटाचे चित्रकार राल्फ मॅक्वारी यांनी काढलेल्या चित्रांवरून आधी मातीचा नमुना हाताने घडवला गेला, त्यावरून साचे निघाले, आणि तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा त्या साच्यांवर ओढून, खालची हवा शोषून घेऊन, एकेक भाग काढला गेला. यालाच व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणतात. आपल्याकडे मिठाईच्या डब्यातले पातळ कप्पे याच पद्धतीने होतात. पहिली ५० हेल्मेट एचडीपीई या प्लास्टिकची होती आणि ती वरून पांढरी रंगवलेली होती. जवळून दिसणाऱ्या प्रमुख पात्रांसाठी एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकची सहा वेगळी केली गेली. चेहरा, मागचा भाग आणि दोन कान हे हाताने कापून स्क्रूने जोडलेले, आणि कपाळावर रबराची एक पट्टी. हे सारे सांगण्याचे कारण इतकेच की, माती हाताने घडवलेली असल्यामुळे मूळ हेल्मेटची डावी बाजू उजवीसारखी नाही, आणि जोडणीही हाताची असल्यामुळे एक हेल्मेट दुसऱ्यासारखे नाही.

म्हणून पहिले काम हे करा की, तुम्ही छापण्यासाठी वापरलेली हेल्मेटच्या आकाराची फाइल संगणकावर उघडून चेहऱ्याचा अर्धा भाग आरशातल्यासारखा उलटवा आणि दुसऱ्या अर्ध्यावर ठेवून पाहा. दोन्ही तंतोतंत जुळले, तर ती फाइल कोणीतरी अर्धीच घडवून बाकीची संगणकाकडून पुरी करून घेतलेली आहे, आणि १९७७ च्या हेल्मेटसाठी ती निरुपयोगी आहे. तिच्यावर कितीही पॉलिश पेपर घासला तरी उपयोग नाही.

संदर्भासाठी छायाचित्रे जमवताना एक चूक हमखास होते आणि ती मीही केली. प्रदर्शनात ठेवलेल्या हेल्मेटचा फोटो लोक मोबाइलने हातभर अंतरावरून काढतात. तेवढ्या जवळून पुढचा भाग फुगून मोठा दिसतो आणि कान मागे पळतात. मी अशाच एका फोटोवरून माझ्या दुसऱ्या हेल्मेटचे नाक व तोंड चांगले बोटभर पुढे काढले होते. आता मी लांबून, झूम करून काढलेले फोटोच वापरतो, आणि माझ्या हेल्मेटचाही फोटो तितक्याच अंतरावरून काढून दोन्ही शेजारी ठेवतो. डोळ्यांना जे पटकन कळत नाही ते अशा जोडीत लगेच उघडे पडते.

मापाबद्दल एवढेच सांगतो की, आपल्या डोक्याच्या घेराप्रमाणे हेल्मेट लहानमोठे करू नका. माप मूळचेच ठेवा आणि आत फोमचे तुकडे चिकटवून ते डोक्यावर बसवा.

प्लास्टिक निवडताना मात्र आपल्या हवेचा विचार करावा लागतो. माझे पहिले हेल्मेट पीएलए या थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिकचे होते. मे महिन्यात दुपारी ते गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवून मी तासभर जेवायला गेलो, आणि परत येऊन पाहतो तर उजवा गाल खाली बसलेला. पीएलए साठ अंशांच्या आसपासच मऊ पडते आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तेवढे तापमान सहज होते. (डावी-उजवी बाजू वेगळी झाली हे खरे, पण हवी ती नव्हे.) त्यानंतर मी पीईटीजी हे प्लास्टिक वापरतो. एबीएस त्याहूनही जास्त उष्णता सोसते, पण घरच्या साध्या प्रिंटरवर ते कडेने उचलले जाते, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही.

छापल्यावर दिसणारे थर घालवण्यासाठी गॅरेजमधले रंगारी गाडीच्या पत्र्यावर जे करतात तेच करायचे आहे: हार्डनर मिसळलेली लांबी (खाचा बुजवायची पुट्टी) पातळ हाताने लावायची, आधी ८० आणि मग १२० नंबरच्या पेपरने घासायची, त्यावर प्रायमर, आणि शेवटी ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्याबरोबर. डोळ्यांच्या कडा आणि तोंडाची जाळी मात्र लांबीने बुजवू नका. मूळ हेल्मेटमध्ये त्या जागा हाताने कापलेल्या आहेत, त्यामुळे त्यांची रेघ किंचित थरथरलेली आहे, आणि तुमच्या हेल्मेटमधले ‘खेळणेपण’ बहुधा याच गुळगुळीत कडांत आहे. मी छोट्या कानशीने त्या कडा पुन्हा थोड्या वेड्यावाकड्या करतो.

रंगाच्या बाबतीत माझा आग्रह एका गोष्टीपुरता आहे. गालांच्या नळ्यांवरच्या निळ्या पट्ट्या १९७७ च्या हेल्मेटवर कुंचल्याने ओढलेल्या आहेत आणि त्यांची संख्यादेखील प्रत्येक हेल्मेटवर सारखी नाही. मी आधी मास्किंग टेप लावून त्या रंगवल्या, तर त्या छापील स्टिकरसारख्या दिसू लागल्या. मग कापसाच्या काडीला थिनर लावून त्या सगळ्या पुसल्या, एकच हेल्मेट निवडून त्याचा फोटो समोर ठेवला, आणि शून्य नंबरच्या कुंचल्याने एनॅमलचा रंग घेऊन एकेक पट्टी मोजून ओढली. काहींची टोके जाड झाली, एक तर तिरकीच गेली. ती तशीच राहू दिली. कपाळावरच्या आणि डोळ्यांखालच्या करड्या खुणाही हातानेच करा. तुम्हाला १९८३ च्या तिसऱ्या चित्रपटातले हेल्मेट करायचे असेल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे या खुणांसाठी छापील पट्ट्याच चिकटवलेल्या होत्या. म्हणूनच कोणत्या चित्रपटातले हेल्मेट हे आधी ठरवल्याशिवाय ‘हुबेहूब’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

डोळ्यांसाठी वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळणारी हिरवी प्लास्टिकची पारदर्शक पट्टी कापून आतून बसवा. सैनिकांच्या हेल्मेटला अशा सपाट हिरव्या काचा होत्या; बाहेर फुगलेल्या काचा प्रमुख पात्रांच्या हेल्मेटला होत्या, तेव्हा दोन्हींची सरमिसळ करू नका. या काचांतून फार कमी दिसते आणि श्वासाने त्या धुरकटतात. पहिल्या चित्रपटात एक सैनिक दारातून आत येताना वरच्या चौकटीला डोके आपटून घेतो, ते दृश्य तसेच राहिले आहे, आणि हेल्मेट घातल्यावर त्याची कीव येते. हनुवटीच्या आत पाच व्होल्टचा छोटा पंखा बसवून तो मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालवला, तर काच बरीच स्वच्छ राहते. ही जोडणी शेवटचा रंग देण्यापूर्वी करून पाहा, आणि ते हेल्मेट घालून एकदा कोणाचा तरी हात धरून जिना उतरून पाहा.