प्रकाशक उत्तरच देत नसेल, तर फोन थांबवा आणि कागद सुरू करा

तुमच्या प्रश्नात दोन वेगळी भांडणं एकत्र आली आहेत. कथासंग्रह छापून चार वर्षं झाली, रॉयल्टीचा हिशोब एकदाच आला आणि आता पुस्तक दुकानात मिळत नाही. शिवाय कादंबरीचा करार होऊन दीड वर्ष झालं, हस्तलिखित तिथेच पडून आहे आणि उत्तर एकच, "दिवाळीनंतर बघू". दोन्ही गोष्टी एकाच पत्रात घालू नका. घातल्या की प्रकाशक सोप्या मुद्द्याचं उत्तर देतो आणि अवघड मुद्दा तसाच राहतो.

आधी कादंबरी, कारण तिथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १९ नीट वाचा. प्रकाशकाने मिळालेले हक्क करारापासून एका वर्षात वापरले नाहीत, तर ते आपोआप संपतात, असं पोटकलम ४ सांगतं. अट एवढीच की करारात वेगळं काही लिहिलेलं नसावं. म्हणून आज करार काढा आणि 'प्रकाशनाची मुदत' किंवा 'प्रकाशकाच्या सोयीनुसार' असे शब्द कुठे आहेत का ते पाहा. तीन वर्षांची मुदत लिहून दिली असेल, तर तेवढं थांबावं लागेल. काहीच लिहिलेलं नसेल, तर हक्क तुमच्याकडे परत आले आहेत. करारात 'हक्क देत आहे' म्हटलंय की 'छापण्याची परवानगी देत आहे', याने फरक पडत नाही. कलम ३०अ मुळे परवान्यालाही हेच नियम लागू होतात.

पत्र लहान ठेवा. एवढं पुरे: "सदर कादंबरीचा करार दि. … रोजी झाला. एक वर्ष उलटूनही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९(४) नुसार प्रकाशनाचे हक्क माझ्याकडे परत आले आहेत. हस्तलिखित व अक्षरजुळणीची फाइल यांचा यापुढे वापर करू नये. पंधरा दिवसांत लेखी पोच द्यावी." आगाऊ रक्कम घेतली असेल, तर ती परत करण्याची तयारी याच पत्रात दाखवा, म्हणजे तो मुद्दा त्यांच्या हातात राहत नाही. मनस्ताप, तब्येत, जुने संबंध यातलं काहीही लिहू नका. पत्र करारावरच्या पत्त्यावर पाठवा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे स्पीड पोस्टच करा, पण पोच मागून घ्या आणि मजकूर त्याच दिवशी ईमेलही करा. पाकीट 'घेण्यास नकार' शेऱ्यासह परत आलं, तर ते न फोडता तसंच जपा. तो पुरावा आहे.

आता कथासंग्रह. "रॉयल्टी द्या" असं मोघम मागितलं की "विक्रीच नाही" हे उत्तर तयार असतं. मागायचा असतो तो प्रतींचा हिशोब. किती छापल्या, केव्हा, पुनर्मुद्रण झालं का, भेट आणि अभिप्रायासाठी किती गेल्या, दुकानं आणि वितरकांमार्फत किती विकल्या, ग्रंथालयांना किती, प्रदर्शनांत किती, ई-बुक किती, शिल्लक किती. छापलेल्यातून भेट, विक्री आणि खराब झालेल्या प्रती वजा केल्या की शिल्लक जुळायलाच हवी. शिवाय छपाईच्या बिलाची प्रत मागा. रॉयल्टी छापील किमतीवर आहे की 'मिळालेल्या रकमेवर', तेही तपासा. २५० रुपयांचं पुस्तक, १० टक्के, हजार प्रती, म्हणजे छापील किमतीवर २५,००० रुपये. वितरकाला ४० टक्के सूट दिली असेल, तर दुसऱ्या पद्धतीने तेच १५,००० होतात.

हिशोब पडताळायला दोन जागा आहेत. पहिली तुमचा फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा (टीडीएस) आयकर खात्याकडचा तक्ता: प्रकाशकाने रॉयल्टीवर टीडीएस कापून भरला असेल, तर तो तिथे दिसतो. रक्कम लहान असेल तर टीडीएस कापतच नाहीत, त्यामुळे तिथे नोंद नाही म्हणजे विक्री नाही, असा अर्थ काढू नका. दुसरी जागा माहितीचा अधिकार. पुस्तक शासनमान्य ग्रंथांच्या यादीत आलं होतं का, आणि राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या समान निधी योजनेतून ग्रंथालयांसाठी किती प्रती घेतल्या, हे राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाला विचारा. अर्ज दीडशे शब्दांच्या आत, विषय एकच, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. उत्तराची मुदत ३० दिवस. प्रकाशक 'विक्री नाही' म्हणतोय आणि सरकारी खरेदीचा आकडा तुमच्या हातात आहे, असं झालं की बोलणं बदलतं.

थकलेल्या पैशासाठी दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. ती मुदत संपण्याआधी प्रकाशकाने सहीनिशी देणं कबूल केलं, तर मुदत तिथून नव्याने मोजतात. म्हणून फोनवरच्या "देतो हो" ला किंमत नाही. सहीचं पत्र घ्या. सुरुवातीच्या वर्षांच्या हिशोबाची वेळ तुमच्याकडून निसटत चालली आहे, तेव्हा वकिलाची नोटीस याच महिन्यात काढा. पुस्तक छापायला तुम्हीच पैसे भरले असतील, तर जिल्हा ग्राहक आयोगाचाही विचार करा. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं, आणि तुम्ही भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. 'व्यापारी हेतूने पैसे भरले, म्हणून तुम्ही ग्राहक नाही' अशी हरकत ते घेतील, त्याची तयारी ठेवा.

कथासंग्रहाचे हक्क परत हवे असतील, तर करारातलं आवृत्ती संपण्याचं कलम वाचा. बहुतेक करारांत नोटिशीनंतर ठरावीक महिन्यांत नवी आवृत्ती काढली नाही, तर हक्क परत येतात. हक्क किती काळासाठी दिले हे करारात नसेल, तर कायद्याने ती मुदत करारापासून पाच वर्षं धरली जाते, म्हणजे तुमच्या बाबतीत फार वाट पाहायची नाही. मात्र हल्ली मागणीनुसार पाच-दहा प्रती छापून 'पुस्तक उपलब्ध आहे' असं दाखवतात. पुढच्या करारात 'उपलब्ध' याचा अर्थ आकड्यात लिहून घ्या, उदाहरणार्थ वर्षाला किमान शंभर प्रतींची विक्री.

नवा प्रकाशक हक्क परत मिळाल्याचं पत्र मागेल. जुना ते देत नसेल, तर तुमची नोटीस, स्पीड पोस्टची पोच आणि कराराची प्रत एवढं त्यांना द्या. मजकूर तुमचा आहे, पण जुनं मुखपृष्ठ चित्रकाराच्या किंवा प्रकाशकाच्या परवानगीशिवाय वापरू नका, आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) नव्या प्रकाशकाने नवाच घ्यायचा असतो.