पैसे भरूनही जाहिराती?

प्रश्न : मुलगा-सून बंगळूरला असतात. गणपतीत आले तेव्हा मुलाने टीव्हीवर तीन ॲप घालून दिली आणि पैसे माझ्या खात्यातून आपोआप जातील अशी सोय केली. त्यातलं एक मी कधी उघडलंही नाही. जे बघते, त्यात नाटक ऐन रंगात आलं की मध्येच संडास साफ करायचं लिक्विड! केबल सोडली ती याचसाठी ना? वैतागून एक ॲप काढून टाकलं, तरी पैसे गेलेच. मुलाला सारखं विचारायला संकोच वाटतो. — निवृत्त शिक्षिका, कराड

उत्तर : बाई, पेपर वाचायचं सोडलं म्हणून पेपरवाल्याचं बिल थांबत नाही, 'उद्यापासून टाकू नका' असं त्याला सांगावं लागतं. इथेही तसंच. ज्या यूपीआय ॲपवरून पैसे जातात ते उघडा आणि त्यात 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' शोधा. कोण, किती, कधी कापणार याची यादीच समोर येईल. नको ते रद्द करा. तिथे पिन मागतील, तो घाला. पण फोनवरून कुणी 'मी रद्द करून देतो' म्हणालं तर लगेच फोन ठेवा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुम्हालाही मेसेज आले असणार, लोनच्या मेसेजांखाली दबले असतील.

माझंच सांगतो. आमचे चिरंजीव अकरावीत आहेत आणि छोट्यांच्या गोष्टींचं एक ॲप गेल्या मार्चपर्यंत दरमहा ९९ रुपये नेत होतं. जमाखर्च बायकोने तपासला म्हणून कळलं.

आता जाहिराती. टीव्ही वाहिन्यांना तासाला १२ मिनिटांची मर्यादा नियमात तरी आहे, ओटीटीला, म्हणजे तुमच्या टीव्हीवरच्या या इंटरनेट ॲपना, तीही नाही. प्राइम व्हिडिओने १७ जून २०२५ पासून भारतात जाहिराती सुरू केल्या. नको असतील तर वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये वेगळे, मूळ वर्गणी आहेच. म्हणजे आधी तिकीट घ्या, मग पंखा लावायचे निराळे द्या! मला हे मुळीच पटत नाही. पण अशा बदलाची वाट बहुतेक ॲपच्या अटींमध्ये आधीच करून ठेवलेली असते, त्यामुळे नुसत्या जाहिरातींसाठी भांडून फार हाती लागेल असं वाटत नाही. रद्द करूनही पैसे कापले, तर मात्र १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला जरूर फोन करा.

तुम्ही नाटकंच बघता, मग तीन ॲप हवीत कशाला? ज्यात नाटकं जास्त ते एकच ठेवा, तेही शक्यतो महिन्याच्या बोलीवर. वर्षाचं स्वस्त पडतं हे खरं, पण मध्येच अटी बदलल्या की आपण अडकतो. आणि मुलाला विचारायला संकोच कसला? जोडून त्यानेच दिलंय. रविवारी त्याला व्हिडिओ कॉल लावा, बटणं मात्र तुम्हीच दाबा.