पितं कोण आणि पाजतं कोण?

तुमच्या शाळेच्या अर्जातलं 'वुई इम्बाइब व्हॅल्यूज इन अवर स्टुडंट्स' हे वाक्य चूक का ठरलं, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात कालवलं. नेमकं हेच वाक्य मी आमच्या शाळेच्या अनुदानाच्या अर्जात लिहिलं होतं.

शब्दकोशातला अर्थ तुम्ही पाहिला असणारच. गोम कर्त्यात आहे. इम्बाइब म्हणजे पिणं. लॅटिन 'बिबेरे'वरून आलाय, 'बेव्हरेज'ही त्याच कुळातला. म्हणजे इम्बाइब करतं ते मूल. शाळा करते ते 'इन्स्टिल', आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'स्टिला' आहे, थेंब. थेंबथेंब घालणं. आपल्याकडे बाळकडू आई पाजते आणि बाळ पितं, यात कुणाची गल्लत होत नाही. मी मात्र कोशात 'आत्मसात करणे' वाचलं आणि 'करवणे' मनानेच धरून चालले.

अर्ज तीनदा परत आला. शेरा एकच, 'भाषा सुधारावी'. कुठली ओळ, कुठला शब्द, काही नाही. मी दरवेळी स्पेलिंगच तपासत बसले. खिडकीवर विचारलं तर 'वर विचारा', वर गेलं तर 'खाली द्या'. मुदत टळली, त्या वर्षीची प्रयोगशाळा गेली. एका शब्दाखाली रेघ मारायला कितीसा वेळ लागतो हो? अजून राग येतो.

मी भाषातज्ज्ञ नाही, मराठी माध्यमातली शिक्षिका आहे. तरी माझं मत ठाम आहे: शाळेच्या कागदात इम्बाइब नकोच. पुढे कर्म नसलं की त्याचा अर्थ दारू पिणं असा घेतात. नुसत्या 'ही ड्रिंक्स'चंही तेच.

जाता जाता, पुरी तेल पिते तिथे 'अ‍ॅब्झॉर्ब' किंवा 'सोक अप', गाडी पेट्रोल पिते तिथे 'गझ्ल'. विज्ञानाचे कागद असतील तर आणखी एक बघा. फिल्टरमधला सक्रिय कार्बन अशुद्धी आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो, ते 'अ‍ॅडसॉर्ब'. टाइप करणारे चूक समजून त्यातला 'डी' काढून 'बी' घालतात. आमच्या पुढच्या अर्जात घातलाच होता, पण तेव्हा मी छापण्याआधी ओळ न् ओळ वाचली होती.

तुमचं वाक्य 'वुई इन्स्टिल व्हॅल्यूज इन अवर स्टुडंट्स' असं करा. बाकी मजकूरही इथे टाका, आज रात्री बघते.