एक फुलदाणी, दोन कर्ते

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे राहते. तिच्याकडे गेलो असता तेथील संग्रहालयात निळसर-हिरव्या रंगाची, झाडे आणि चंद्र कोरलेली एक फुलदाणी पाहिली. फलकावर कुंभार म्हणून एका पुरुषाचे, तर नक्षीकार म्हणून एका स्त्रीचे नाव होते. एका भांड्याचे कर्ते दोन कसे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या वर्णनावरून ती फुलदाणी न्यूकम पॉटरीची असावी. त्या शहरातील न्यूकम या महिला महाविद्यालयाने, कला शिकलेल्या मुलींना त्याच कलेवर अर्थार्जन करता यावे या हेतूने, १८९५ साली ही कार्यशाळा काढली आणि ती १९४० पर्यंत चालली. चाकावर भांडी घडवण्याचे काम मात्र पुरुषांकडेच होते आणि जोसेफ मेयर या कुंभाराने ते सुमारे तीन दशके केले. स्त्रियांना चाकापासून दूर ठेवले गेले, हे मला या कार्यशाळेचे मोठे उणेपण वाटते. कारण यंत्राच्या मालाऐवजी हातकामाचा पुरस्कार करणाऱ्या ज्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीतून ती उभी राहिली, त्या चळवळीला कारागिराच्या कामाचे असे तुकडे पाडणेच मान्य नव्हते.

तरीही नक्षीकार स्त्री येथे कोणाची हरकाम्या नव्हती. चाकावरून उतरलेले भांडे पुरते वाळण्यापूर्वी ती त्यावर स्वतःची आकृती कोरत असे, पहिल्या भाजणीनंतर रंग भरत असे, आणि मग काचलेप देऊन ते पुन्हा भट्टीत जात असे. सुरुवातीची भांडी चकचकीत आहेत. १९१० साली कार्यशाळेत आलेल्या मृत्तिकातज्ज्ञ पॉल कॉक्स यांनी मंद, दुधट छटेचा काचलेप तयार केल्यानंतर मात्र लुइझियाना या तेथील राज्यातल्या दमट रात्रीचे धुके जणू भांड्यावरच उतरले. ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या मॉस नावाच्या वनस्पतीच्या जटा, मागे पिवळसर चंद्र आणि सगळीकडे पसरलेला निळा रंग, हे आपण पाहिलेले दृश्य याच काळातले आहे.

या दृश्याचे श्रेय बहुधा याच कार्यशाळेतील नक्षीकार सेडी अर्विन यांना दिले जाते. ते प्रथम काढल्याचा आपल्याला पश्चात्ताप झाला, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले होते. गिऱ्हाइकांना तेच हवे असे, उंच निमुळत्या फुलदाणीवर ओकचा खरा डौल उतरत नसे, आणि दर वेळी चित्र नव्याने काढूनही विषय तोच राहिल्याने त्यांचा जीव कंटाळून जाई.

दोन नावांचा उलगडा भांड्याच्या बुडाशी होतो. 'सी' अक्षराच्या पोटात 'एन' ही कार्यशाळेची खूण, 'जे' आणि 'एम' ही मेयर यांची आद्याक्षरे, नोंदणीचा क्रमांक, आणि त्यांच्याच शेजारी नक्षीकार स्त्रीची स्वतःची मुद्रा. ज्या काळात बहुतेक कारखान्यांत भांडी रंगवणाऱ्या स्त्रिया निनावीच राहत, त्या काळात हिची सही मातीत कोरली गेली, म्हणूनच आज तो फलक तिचे नाव सांगू शकतो.